जुन्या नौकेची पिछाडी

जुनी छोटी मोटरनौका विकत घेण्यास निघालेला मनुष्य बहुधा आधी इंजिन सुरू करून पाहतो, मग रंगाची झळाळी, बैठकींची स्थिती आणि ट्रेलरची चाके यांची चौकशी करतो, आणि किमतीची घासाघीस आटोपली म्हणजे सौदा पक्का करून मोकळा होतो. परंतु ज्या एका अवयवावर इंजिनाचा सारा भार टांगलेला असतो, आणि जो बिघडला असता दुरुस्तीचा खर्च कधी कधी नौकेच्या किमतीलाही मागे टाकतो, त्या मागील टोकाच्या आडव्या सपाट भिंतीकडे, म्हणजेच ट्रान्समकडे, त्याची नजर गेलीच तर केवळ ओळखक्रमांक वाचण्यापुरती जाते. वरवर पाहता ही भिंत अखंड फायबरची दिसते. तथापि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत बांधल्या गेलेल्या बहुसंख्य लहान फायबरनौकांत तिच्या पोटी प्लायवूड दडलेले असते, आणि ते शाबूत आहे की कुजले आहे याचा दाखला वरचा चकचकीत लेप कधीच देत नाही.

वल्ह्यांनी वा शिडाने चालणाऱ्या होडीच्या या भिंतीवर फारसा ताण नसे. पाणी बाहेर ठेवणे, बाजूच्या फळ्यांची टोके धरून ठेवणे आणि सुकाणूला आधार देणे एवढीच तिची कामगिरी. नॉर्वेत जन्मलेले व अमेरिकेत मिलवॉकी शहरी स्थायिक झालेले ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये सुमारे २८ किलो वजनाचे, दीड अश्वशक्तीचे आणि होडीच्या मागे अडकवण्याजोगे, म्हणजेच आउटबोर्ड, इंजिन बाजारात आणले, आणि तेव्हापासून या भिंतीच्या नशिबी इंजिन वाहण्याची चाकरी आली. पुढे १९४२ मध्ये ओहायो राज्यातील टोलिडो येथे रे ग्रीन यांनी काचेचे तंतू पॉलिएस्टर रेझिनमध्ये भिजवून एक लहान नौका घडविली, आणि महायुद्ध संपल्यावर या पद्धतीचा झपाट्याने प्रसार झाला. साच्यातून निघणारे हे कवच हलके, गुळगुळीत आणि बिनसांध्याचे खरे. पण पातळ असल्यामुळे ते लवते, आणि लवणाऱ्या भिंतीवर इंजिन टिकत नाही. तेव्हा कारखानदारांनी अशी तजवीज केली की, कवचाच्या मागील भिंतीस आतून सुमारे दीड इंच जाडीचे प्लायवूड चिकटवावे व त्यावर आतल्या बाजूने फायबरचा दुसरा पापुद्रा चढवावा. प्लायवूड स्वस्त, सपाट, बोल्टाचा दाब सहज सोसणारे. त्यात दोष असा काढता येत नव्हता. दोष होता तो एवढाच की, ज्याला श्वास घेता आला तरच जे दीर्घकाळ टिकते ते लाकूड येथे दोन अभेद्य पडद्यांच्या आड कायमचे कोंडले गेले.

या भिंतीला काय सोसावे लागते याचा थोडा हिशेब मांडून पाहणे इष्ट आहे. ४० अश्वशक्तीचे आजचे फोर-स्ट्रोक इंजिन सुमारे शंभर किलो भरते आणि ते सबंध भिंतीच्या मागे अधांतरी लोंबत असते, त्यामुळे नौका उभी असतानाही भिंतीचा वरचा काठ मागे ओढला जातो. नौका ताशी २५ सागरी मैल वेगाने धावू लागली म्हणजे, पंख्याची कार्यक्षमता निम्मी धरली तरी, तो आणखी शंभर किलोहून अधिक भाराइतका जोर पुढे लावतो. आणि पंखा बोल्टांच्या पुष्कळ खाली असल्यामुळे हा जोर तरफेप्रमाणे काम करून इंजिनाच्या पकडीचा खालचा भाग भिंतीत दाबतो व वरचे बोल्ट मागे उपसू पाहतो. म्हणजे वजन आणि गती ही दोन्ही एकाच दिशेने भिंत पिळतात. त्यात लाटांवरचे आपटणे आणि ट्रेलरवरून नेताना रस्त्यातल्या खड्ड्यांचे हिसके यांची भर पडते.

हा भार पेलण्याचे रहस्य तीन थरांच्या ऐक्यात आहे. भिंत वाकू लागते तेव्हा एक पापुद्रा ताणला जातो व दुसरा दाबला जातो, आणि त्या दोहोंना एकमेकांपासून ठराविक अंतरावर धरून ठेवणे हे मधल्या लाकडाचे मुख्य कर्तव्य असते. पाच-पाच मिलिमीटरचे दोन पापुद्रे मधोमध ३५ मिलिमीटर लाकूड ठेवून घट्ट सांधले, तर तेच दोन पापुद्रे सुटेसुटे असताना जेवढा ताठपणा देतात त्याच्या कागदोपत्री सुमारे १९० पट ताठपणा त्यांच्या ठायी येतो. आणि यात लाकडाचा स्वतःचा ताठपणा धरलेलाच नाही. म्हणूनच मधले लाकूड कुजून भुसभुशीत झाले, किंवा नुसता त्याचा सांधा सुटला, तरी फायबरला कोठेही तडा न जाता सारी भिंत निकामी ठरू शकते. बाहेरचे रूप जसेच्या तसे राहते आणि आतले बळ नाहीसे होते.

लाकूड कुजते ते बुरशीमुळे, आणि बुरशीला अन्न, हवा, ऊब व ओल या चारही गोष्टी लागतात. लाकडातील ओलाव्याचे प्रमाण शेकडा २० च्या खाली असले तर बुरशीचे काही चालत नाही. ते शेकडा ३० च्या आसपास जाऊन तेथेच रेंगाळले म्हणजे तिचा अंमल सुरू होतो. तपकिरी कूज म्हणून जी ओळखली जाते ती लाकडातील सेल्युलोज खाऊन टाकते व लिग्निन मागे ठेवते. त्यामुळे लाकूड काळपट तपकिरी होते, त्याला आडव्याउभ्या भेगा पडून त्याचे चौकोनी तुकडे होतात आणि बोटांनी चुरडता येतील इतके ते हलके पडते. येथे एक गोष्ट प्रथमदर्शनी विपरीत वाटेल, ती अशी की, समुद्राच्या पाण्यापेक्षा पावसाचे गोडे पाणी या कामी अधिक घातक असते. मीठ बुरशीला मानवत नाही. पूर्वीचे जहाजबांधणीदार लाकडी जहाजांच्या फासळ्यांमधील पोकळ्यांत जाडे मीठ भरून ठेवीत ते याच कारणासाठी. कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात होड्या वर ओढून झापांनी शाकारण्याचा जो जुना शिरस्ता आहे, त्याच्या मुळाशीही पागोळ्यांचे पाणी होडीत साचू नये हाच विचार आहे. आणि आता फायबरच्या होड्या व आउटबोर्ड इंजिने तेथेही रुळली असल्यामुळे, ‘फायबरला काय होतंय?’ म्हणून त्या उघड्यावर टाकून देणाऱ्यांनी तो शिरस्ता विसरणे हिताचे नाही.

मग एवढ्या बंदोबस्तातल्या लाकडापर्यंत पाणी पोहोचते कसे? पुष्कळदा मालक स्वतःच त्याला वाट करून देतो. इंजिनाचे बोल्ट, तळाशी पाणी काढून टाकण्याचे बुचाचे भोक, मागाहून जडवलेल्या शिडीचे स्क्रू, खोली व मासे दाखविणाऱ्या यंत्राचा खाली बसवलेला ग्राहक, यांतील प्रत्येकासाठी भिंतीला भोक पाडलेले असते, आणि भोक पाडणारा कारागीर घाईचा असला तर त्याच्या कडांना तो लुकण लावीत नाही. बुचाच्या भोकाची पितळी नळी कालांतराने सैल होते; ते भोक सर्वांत खालच्या पातळीवर असल्यामुळे तेथे पाणी सदैव टेकलेले असते. अशा रीतीने एखाद्या स्क्रूच्या आट्यांतून झिरपलेले थेंब प्लायवूडच्या थरांमधून आडवे पसरतात, आणि बाहेर पडण्यास मार्ग नसल्यामुळे वर्षानुवर्षे तेथेच मुक्काम ठोकतात.

निदान करण्यास फार साधने लागत नाहीत. नौका ट्रेलरवर असताना इंजिनाचे धूड मागे किंचित झुकवून हातांनी वरखाली हलवावे आणि दुसऱ्या माणसाने भिंतीच्या वरच्या काठाकडे व कोपऱ्यांकडे बारकाईने पाहावे. इंजिनाबरोबर भिंतही श्वास घेतल्यासारखी मागेपुढे होत असेल, तर शंकेला जागा उरत नाही. हातोडीच्या मुठीने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठोकत गेल्यास शाबूत लाकूड खणखणीत उत्तर देते, कुजलेले वा सुटलेले लाकूड बद्द आवाज करते. इंजिनाच्या पकडीखाली फायबर आत दबलेले दिसणे, बोल्टांचे वायसर रुतलेले असणे, कोपऱ्यांत केसासारख्या चिरा असणे, याही खुणा लक्षात घ्याव्यात. अखेरचा निवाडा मात्र ड्रिल करते. मालकाची संमती घेऊन आतल्या बाजूने, बुचाच्या भोकाजवळ आणि बोल्टांच्या खाली, लहानशी भोके फक्त आतला पापुद्रा व लाकूड भेदतील इतकीच खोल पाडावीत व बाहेर येणारा कीस हातात घेऊन पाहावा. फिका, कोरडा व लाकडाचाच वास येणारा कीस निघाला तर भिंत निर्दोष. काळा, ओलसर आणि कुबट मातीचा वास येणारा निघाला, किंवा भोकातून तपकिरी पाणी ओघळू लागले, तर सौद्याची बोलणी नव्याने सुरू करावीत. पाडलेली भोके लगेच इपॉक्सीने बुजवावीत, हे सांगावयास नकोच.

नवे लाकूड बसविण्याचे मार्ग तीन. पहिला आतून: आतला पापुद्रा कापून काढावयाचा, कुजका भाग खरवडावयाचा आणि बाहेरच्या पापुद्र्यावर नवे लाकूड चिकटवावयाचे. यात बाहेरचे रूप व आकार अबाधित राहतो, पण इंजिनापुढील पाणी अडविणारे कुंड आणि मागील डेकचा काही भाग उचकटावा लागतो. दुसरा बाहेरून: बाहेरचा पापुद्रा कडेने दोनेक इंच पट्टी राखून कापावयाचा. काम करण्यास ही बाजू सोयीची, मात्र नंतरचे गुळगुळीत रंगकाम कसोटी पाहते. शिवाय अमेरिकेत नोव्हेंबर १९७२ पासून प्रत्येक नौकेचा बारा अक्षरांकांचा ओळखक्रमांक ट्रान्समच्या बाहेरील बाजूस, उजवीकडे वरच्या काठाजवळ कोरलेला असतो, आणि तो परवानगीवाचून नाहीसा करण्यास कायद्याची हरकत आहे, तेव्हा त्या भागाला करवत लावण्यापूर्वी विचार करणे भाग पडते. तिसरा मार्ग वरून: भिंतीच्या माथ्यावरील झाकण काढून, लांब पात्याच्या साखळी-करवतीने मधले लाकूड कोरून काढावयाचे व त्या पोकळीत आत घट्ट होणारे तयार मिश्रण ओतावयाचे. हा मार्ग जलद व लाकूडविरहित असल्यामुळे पुन्हा कुजण्याची भीती नाही. पण मिश्रण महाग पडते, आणि कोपऱ्यांतील सारे कुजके लाकूड निघाले की नाही हे डोळ्यांनी पाहता येत नाही. जो प्रथमच हे काम हाती घेतो त्याला आतला मार्गच सामान्यतः हितावह ठरतो.

काम सुरू करण्यापूर्वी दोन गोष्टींची नोंद कागदावर घेणे अगत्याचे आहे. एक म्हणजे भिंतीची उंची. आउटबोर्ड इंजिने साधारणपणे १५ इंची व २० इंची भिंतींसाठी बनविलेली असतात. पंख्याच्या वरची आडवी पट्टी नौकेच्या तळाच्या सुमारे समपातळीत यावी असा त्यांचा हिशेब असतो, आणि नवी भिंत उंच झाली तर पंखा हवा ओढून नुसताच गरगरतो. दुसरी म्हणजे भिंतीचा कल. ती ओळंब्यात उभी नसून मागे झुकलेली असते, बहुधा १२ ते १४ अंशांनी. शिवाय इंजिन उतरवून आतले भाग कापल्यावर कवच मोकळे होऊन पसरते किंवा खचते, म्हणून आधी त्याला ट्रेलरवर तळाशी व बाजूंनी नीट टेकू देऊन जखडावे; एरवी नवे लाकूड वाकड्या आकारावर कायमचे शिक्कामोर्तब करते.

आतला पापुद्रा ग्राइंडरने कापताना चारी बाजूंनी थोडी पट्टी राखावी. लाकूड पटाशीने काढावे. कुजके मुठीमुठीने निघते, पण एखाद्या कोपऱ्यातले शाबूत लाकूड इतके चिवट धरून बसलेले असते की, ते तासल्याशिवाय सुटत नाही. बाहेरचा पापुद्रा उघडा पडला की तो जाड खरकागदाने घासून, धूळ पुसून, पूर्ण सुकू द्यावा. काचेची ही धूळ फुप्फुसांना व कातडीला त्रासदायक असते, आणि पॉलिएस्टर रेझिनच्या वाफा डोके उठवतात. तेव्हा चांगला श्वसनमुखवटा, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे यांत कुचराई नको.

मग पुठ्ठ्याचा फर्मा कापून तो चपखल बसेपर्यंत दुरुस्त करीत जावा आणि त्यावरून प्लायवूडचे दोन तुकडे काढावेत, प्रत्येकी सुमारे १९ मिलिमीटर जाडीचे. प्लायवूड मरीन प्रतीचे हवे. आपल्याकडे आयएस ७१० आणि ब्रिटिश पद्धतीत बीएस १०८८ ही त्याची परिचित मानके. मरीन म्हटले की ते कुजणारच नाही, हा मात्र भ्रम होय. सरस उकळत्या पाण्यातही सुटू नये आणि आतल्या थरांत पोकळ्या नसाव्यात ही या प्रतीची खरी खूण. गॅबनमधून येणाऱ्या ओकूमेसारखे हलके व सुबक लाकूड बीएस १०८८ च्या फळीत सर्रास वापरले जाते, आणि तरीही ते बुरशीला फारसा विरोध करीत नाही. दोन्ही फळ्यांना, विशेषतः कडांना, पातळ इपॉक्सीचे हात द्यावेत, कारण प्लायवूड पाणी पिते ते प्रामुख्याने कडांतून.

चिकटविताना फळीवर व पापुद्र्यावर आधी पातळ इपॉक्सी, नंतर सिलिका मिसळून लुकणासारखे दाट केलेले इपॉक्सी खाचपट्टीने सर्वत्र सारखे पसरावे. शिकंजे व आडव्या पट्ट्या लावून सावकाश दाबत जावे. चारी कडांनी लुकणाची अखंड बारीक दोरी बाहेर आली म्हणजे आत हवा उरली नाही असे समजावे. याहून अधिक आवळण्याचा मोह टाळावा, कारण अतिदाबाने सरसच बाहेर जातो आणि सांधा उपाशी राहतो. दाबत असताना बाहेरच्या बाजूस सरळ पट्टी धरून भिंत फुगत वा खोलगट होत नाही ना हे पाहत राहावे. इपॉक्सी आणि पॉलिएस्टर यांचा स्वभावभेदही येथे ध्यानात ठेवावा लागतो: पॉलिएस्टरमध्ये उत्प्रेरकाचे प्रमाण उन्हाथंडीनुसार थोडे कमीअधिक करता येते, इपॉक्सीचे प्रमाण कारखान्याने ठरवून दिलेले असते, आणि लवकर सुकावे म्हणून हार्डनर जास्त घातला तर ते कायमचे मऊ राहते.

लाकूड पक्के झाल्यावर त्याचा तळाशी व बाजूंशी होणारा काटकोन दाट इपॉक्सीने गोलसर भरून घ्यावा. काचेचे कापड तीव्र कोनात बसत नाही, तेथे ते उचलले जाऊन मागे हवेची पोकळी राहते. मग रुंदीने उत्तरोत्तर वाढणारे कापडाचे थर लाकडावरून बाजूंवर व तळावर उतरवीत न्यावेत. जुन्या पापुद्र्याची कड जेथे नव्याला मिळते तेथे ती जाडीच्या बारा पट लांबीचा उतार देऊन तासावी, म्हणजे पाच मिलिमीटरच्या पापुद्र्याला ६० मिलिमीटरचा उतार. नव्याजुन्याची पकड या उतारावरच अवलंबून असते. इपॉक्सी वापरणाऱ्याने साध्या तुकडेबंद मॅटपेक्षा शिवलेले तिरकस विणीचे कापड घ्यावे, कारण त्या मॅटचे तंतू एकत्र धरणारा बांधक बहुधा पॉलिएस्टरमधील स्टायरीनमध्येच विरघळतो.

यानंतर येते ते काम दिसायला क्षुल्लक, पण सर्व दुरुस्तीचे आयुष्य ठरविणारे. बोल्ट १२ मिलिमीटरचा असेल तर भोक १२ चे न पाडता त्याहून बरेच मोठे, समजा २० चे, पाडावे; आतल्या लाकडाला पातळ इपॉक्सी पाजावे, मग बाहेरून चिकटपट्टी लावून ते भोक दाट इपॉक्सीने गच्च भरावे, आणि ते दगडासारखे झाल्यावर त्याच्या मध्यातून १२ चे भोक पाडावे. आता बोल्टाभोवती लाकूड नसून इपॉक्सीची घन नळी आहे; उद्या बोल्टाची लुकण सुटून पाणी शिरलेच, तरी त्याची लाकडाशी गाठ पडत नाही. बुचाच्या भोकाचा, कड्यांचा, शिडीचा, प्रत्येक लहानमोठ्या स्क्रूचा असाच बंदोबस्त करावा. खोली मोजणाऱ्या ग्राहकासाठी तर प्लास्टिकची एक जाड फळी भिंतीवर चिकटवून स्क्रू त्या फळीतच बसवावेत, म्हणजे यंत्र बदलताना भिंतीला पुनःपुन्हा भोके पाडावी लागत नाहीत.

ॲल्युमिनियमच्या नौकांत काम बरेच सोपे असते, कारण तेथे लाकूड धातूच्या पत्र्यांमध्ये नुसते बोल्टांनी व रिव्हेटांनी धरलेले असते. ते सोडवून नव्या फळीला जुन्या फळीवरून आकार देता येतो. मात्र कुजू नये म्हणून तांब्याच्या क्षारांत मुरवलेले लाकूड तेथे घालणे म्हणजे रोगापेक्षा औषध भयंकर होय. ओलाव्याच्या संगतीने तांबे ॲल्युमिनियमला खाऊ लागते आणि काही काळाने पत्राच चाळणीसारखा होतो. इपॉक्सीत न्हालेले साधे मरीन प्लायवूड तेथे निर्धोक.

राहता राहिला प्रश्न व्यवहाराचा. ट्रान्सम कुजलेला आहे एवढ्यावरून नौका टाकाऊ ठरत नाही. परंतु तेच पाणी तळातील लांब आधारपट्ट्यांत व डेकखालच्या प्लायवूडमध्येही शिरले असेल, तर दुरुस्ती हळूहळू पुनर्बांधणीचे रूप घेते, आणि त्या वेळी खरेदीदाराने हात आखडता घ्यावा. दोष एकट्या पिछाडीत असेल आणि कवच सरळ व बिनतड्याचे असेल, तर किमतीत योग्य ती सूट मागून नौका घेणे शहाणपणाचे आहे; श्रम खूप पडतात, पण सुतारकामाची सवय असलेल्याच्या आवाक्याबाहेरचे असे त्यात काही नाही. नंतर नौका उभी करताना नाळ, म्हणजे पुढचे टोक, उंच ठेवून बूच काढून ठेवावे, वरून आच्छादन घालावे आणि रस्त्याने नेताना इंजिनाला ट्रेलरवर टेकू द्यावा. आणि नौकेला काही नवे जडविण्याची हौस जेव्हा जेव्हा होईल, तेव्हा ड्रिल हाती घेण्यापूर्वी इपॉक्सीचा डबा उघडून ठेवावा. हे पथ्य पाळणाऱ्याच्या नौकेत ट्रान्सम दुसऱ्यांदा बदलण्याचा प्रसंग सहसा येत नाही.